लंगडणाऱ्या डुकराचा एक्स-रे

 डुकरांच्या पायांकडे फारसे लक्ष जात नाही, आणि ते जायलाच हवे.

झपाट्याने वाढणाऱ्या डुकरांत लंगडण्याचे एक मोठे कारण म्हणजे ऑस्टिओकाँड्रोसिस. यात सांध्यातल्या कूर्चेचे हाडात रूपांतर नीट होत नाही. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तिच्याखालच्या हाडातला खळगा किंवा सुटलेला तुकडा दिसतो. मुडदुसात (रिकेट्स) मात्र हाडाची वाढपट्टी रुंदावलेली आढळते.

एरिसिपेलस या जिवाणूजन्य आजाराने सांधा सुजला, तर सुरुवातीचा एक्स-रे जवळपास निर्दोष असू शकतो! तेव्हा सांध्यातला द्रव तपासावा लागतो.

जनावराला गुंगी देऊन, काटकोनातल्या दोन बाजूंनी एक्स-रे काढावा. लंगडणे थांबत नसेल, तर वराहपालकांनी पशुवैद्याकडे एक्स-रेचा आग्रह धरावा.