मावशी गावी गेल्या की चकली का बिघडते?



समजा, दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्यात, ॲडव्हान्सही आलाय आणि चकली करणाऱ्या मावशींना अचानक आठ दिवस गावी जावं लागलं. तुमच्याकडे वही आहे. भाजणी किती, मोहन किती, तिखट किती, सगळं लिहिलेलं. तरी चकली कडक होते, नाहीतर तेलात विरघळते. गिऱ्हाईक वही बघत नाही, चकली खातं.

मावशींना जे येतं त्यातलं बरंचसं वहीत आलेलंच नाही. डाळ कुठल्या वासावर उतरवायची, पीठ हाताला कसं लागलं पाहिजे, तेलातले बुडबुडे कितपत कमी झाले की झारा घालायचा. त्यांना विचारलंत तर म्हणतील, "अंदाजानं." त्या लपवत नाहीत हो! हाताला माहीत असतं, तोंडाला सांगता येत नाही.

जपानच्या मात्सुशिता कंपनीला (म्हणजे आजची पॅनासॉनिक) १९८५ मध्ये नेमकी हीच अडचण आली. घरगुती ब्रेड मशीन बनवायचं होतं, पण ब्रेड बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. इंजिनिअरांनी मशीननं मळलेल्या आणि कसलेल्या कारागिरानं मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून पाहिले. काही कळेना! मग कंपनीतल्या इकुको तानाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेल्या. तिथे दिसलं की तो पीठ ताणताना त्याला एक पीळ देतो. त्याप्रमाणे मशीनच्या आत खास कंगोरे बसवले. सगळं जमायला वर्षभर खटपट करावी लागली, पण मशीन जोरात खपलं.

एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी शेजारी उभं राहूनच शिकावं लागलं. तेव्हा मावशींना "लिहून द्या" म्हणू नका. मोबाईल त्यांच्या हातांवर धरा. त्या "चिमूटभर" म्हणाल्या की ती चिमूट लगेच काट्यावर ठेवा. मग दुसऱ्या कोणाला तरी फक्त वही आणि व्हिडिओ देऊन एक घाणा काढायला लावा, मावशींनी मध्ये बोलायचं नाही. तो जिथे अडेल, तेच वहीत राहिलंय. हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र टाकू नका. चार दिवसांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. कढईजवळ एक जाड वही बरी.

आता खरा प्रश्न. मावशींनी का शिकवावं? ही कला म्हणजे त्यांचं पोट. उद्या दुसरीला शिकवलं आणि तुम्ही स्वस्तातली बाई ठेवली तर? ही भीती त्यांना वाटणारच, आणि ती खोटी नाही. म्हणून आधी शब्द द्या, शिकवण्याचे पैसे पगाराशिवाय वेगळे द्या, आणि नवीन हात तयार झाला तरी मावशींचं काम कमी करू नका. हे परवडत नसेल तर शिकवा म्हणायला जाऊच नका.

आणि हे सगळं गणपतीच्या आधीच उरका. दिवाळीच्या गर्दीत कढईसमोरून कोणाला हलता येत नाही.