शिडाची निगा आणि सातऱ्यावरची ताडपत्री

मागे एका हंगामात भिवापूर तालुक्यातल्या एका सातऱ्यावर लाल मिरची वाळत होती. अचानक अवकाळी पाऊस आला. ताडपत्री होती, दोर होते, माणसेही धावली. पण ताडपत्रीची शिवण उन्हाने विरली होती. पहिल्याच वाऱ्यात ती उसवली अन् मधला ढीग भिजला. दोन दिवसांत मिरची काळी पडू लागली. मालक म्हणाले, "साहेब, ताडपत्री तं नवीच होती जी, दोनच वर्षं झाली." त्यांची चूक होतीच, पण हंगामाआधी ती उलगडून पाहा, असे मीही त्यांना कधी सांगितले नव्हते.

पुढे शिडाच्या होड्यांविषयी वाचताना हीच गोष्ट पुन्हा भेटली. भिवापूरपासून समुद्र खूप लांब. तरी तिथला प्रश्न आपलाच आहे : ऊन, वारा, कापड आणि दोर.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी 'म्हादेई' बांधली गेली. नौदलाचे दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून तिच्यावर एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबे घेत, पृथ्वीला फेरी मारून २०१० च्या मे महिन्यात परतले. याच होडीवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पुरी केली. भर समुद्रात शीड फाटले तर शिवायचे कोणी? ज्याची होडी त्यानेच. म्हणून तिथे निगा हे रोजचे काम असते.

लांबच्या प्रवासाच्या होडीचे शीड बहुधा पॉलिएस्टरच्या कापडाचे असते. उन्हाने कापडाआधी शिवणीचा दोरा मरतो. म्हणून जाणकार शिवण नखाने खरवडून पाहतात. दोरा तुटला तर ती शिवण नव्याने घालतात. शीड जिथे तारेला घासते तिथे आधीच जाड ठिगळ लावतात. ते वाऱ्यात फडफडत ठेवत नाहीत, कारण फडफडीने कापड लवकर विरते. खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन, पुरते वाळवून मगच घडी करतात आणि दरवेळी घडीची जागा बदलतात. काम नसताना शिडावर खोळ घालतात.

डोलकाठीला उभे धरणाऱ्या पोलादी तारांचेही तसेच. त्या मधे क्वचित तुटतात. टोक जिथे दाबून बसवलेले असते तिथे गंज अन् चीर धरतात. तारेवरून चिंधी फिरवली की तुटलेला धागा अडकतो अन् दोष कळतो. ट्रॅक्टरला असते तशी एखादी कॉटर पिन निसटली तरी अख्खी डोलकाठी आडवी होऊ शकते. शीड वर ओढायचा दोर कप्पीवर एकाच जागी झिजतो. म्हणून त्याची टोके अधूनमधून उलटसुलट करतात.

एवढे करूनही वादळ टळत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात टॉमींच्या 'थुरिया' या होडीची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला जबर दुखापत झालेल्या टॉमींना दुसऱ्या बोटीने वाचवले. निसर्गापुढे हात टेकावेच लागतात. पण आपल्या आळसाने होणारे नुकसान तरी वाचवता येते.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, मिरची तोडणीच्या आधी एक सकाळ काढा. ताडपत्री उलगडून उन्हाकडे धरा. बारीक छिद्रे लगेच दिसतील. शिवण आणि कड्या ओढून पाहा. ढिगाचे खुंट किंवा दगड जिथे घासतात तिथे जुने पोते घाला. पांघरल्यावर चारही कडा पक्क्या दाबा, म्हणजे ती फडफडणार नाही. ओली ताडपत्री घडी करू नका. काम झाले की ती सावलीत, उंदरांपासून दूर ठेवा. दोर बोटांत चोळून पाहा. तुसे निघाली तर तो वजनाला वापरू नका. विहिरीच्या गडगडीवरचा दोरही टोके बदलून वापरा.

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण पावसात भिजलेल्या मिरचीला मानांकन भाव देत नाही. होडीवाला बंदर सोडण्याआधी शिवण तपासतो. आपणही ढग येण्याआधी तपासू या.