जन्मवेळीं श्वास कोंडलेलें मूल व त्याचें शिक्षण

शाळेंत नवीन मुलें दाखल करून घेण्याच्या दिवसांत पालकांचे अनेक प्रश्न आमच्या कानीं येतात. त्यांपैकीं एक प्रश्न मात्र कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. इतर मंडळी निघून गेल्यावर एखादी माता मागें राहते आणि हळू आवाजांत सांगते, "गुरुजी, हा जन्मला तेव्हां रडला नाहीं, निळा पडला होता. चालायलाही उशीर लागला, आणि हात अजून कांपतो. याच्या डोक्याला कांहीं झालें तर नसेल ना? हा शिकेल ना?"

धीराचे दोन शब्द सांगून अशा मातेस वाटेस लावणें सोपें आहे. परंतु धीर हा ज्ञानावर उभा असेल तरच टिकतो. म्हणून या विषयासंबंधीं आज जें निश्चितपणें ठाऊक आहे, तें साध्या भाषेंत येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रौढ मनुष्याच्या मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा २ इतकेंच असतें. परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें शेंकडा २० भाग तो एकटाच खर्च करितो. गर्भांत असतां मुलास हा प्राणवायु आईच्या रक्तांतून, वार व नाळ यांच्या वाटेनें मिळतो. जन्म होतांच ती वाट बंद होते व फुप्फुसांस आपलें काम हातीं घ्यावें लागतें. या संधिकाळीं नाळ दाबली गेली, वार वेळेपूर्वीं सुटली, अथवा प्रसूति अडली, तर मेंदूस प्राणवायु अपुरा पडतो. त्याच्यापाशीं शिल्लक सांठा नसल्यामुळें त्याच्या पेशींस लवकर इजा पोहोंचते.

ही इजा दोन टप्प्यांनीं होते. पहिला घाव श्वास कोंडला त्या वेळचा. श्वास सुरू झाल्यावर पेशी कांहीं तास सावरल्यासारख्या दिसतात. परंतु इजा जबर असेल तर पुढील एकदोन दिवसांत त्यांपैकीं पुष्कळ मरतात. या मधल्या अवधींतच उपचारास जागा आहे. २००५ सालापासून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें कीं, जन्मापासून ६ तासांच्या आंत मुलाचें शरीर तीन अंशांच्या आसपास थंड करून ७२ तास तसेंच राखल्यास, सधन देशांतील रुग्णालयांत मृत्यु व व्यंग दोन्ही कमी होतात. परंतु हिंदुस्थान, श्रीलंका व बांगलादेश येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असा लाभ दिसला नाहीं. उलट थंड केलेल्या मुलांत मृत्यु अधिक झाले. तेव्हां हा निर्णय तज्ज्ञांनींच करावयाचा आहे. घरीं कोणी तान्ह्या मुलास गार करूं पाहूं नये. नवजात मूल उबदारच ठेविलें पाहिजे.

आतां मातेच्या खऱ्या प्रश्नाकडे वळूं. मूल रडलें नाहीं, एवढ्यावरून त्याची बुद्धि मंद होईल काय? असें म्हणतां येत नाहीं. अमेरिकेंतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनीं १९५२ सालीं नवजात मुलास गुण देण्याची पद्धति काढिली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, चेतवल्यास मिळणारा प्रतिसाद व अंगाचा रंग या पांच गोष्टींस प्रत्येकीं ० ते २ असे गुण देतात. हे गुण मुलास त्या क्षणीं किती मदत हवी तें सांगतात. तें पुढें किती शिकेल याचें भविष्य वर्तवीत नाहींत. पहिल्या मिनिटास कमी गुण मिळालेलीं पुष्कळ मुलें पुढें इतरांसारखींच वाढतात.

कांहीं मुलांच्या मेंदूस मात्र कायमची इजा होते. लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिट्‌ल यांनीं १८६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत कष्टी प्रसूतीचा व मुलांच्या ताठरलेल्या अवयवांचा संबंध दाखविला. आज त्या विकारास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. व्हिएन्नाचे डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनीं १८९७ सालीं अशी शंका काढिली कीं, कित्येकदां कष्टी प्रसूति हें कारण नसून गर्भांतच झालेल्या बिघाडाचें तें लक्षण असावें. बहुतेक अशा मुलांत मूळ कारण प्रसूतीच्या आधींचें असतें, हें आतां मान्य झालें आहे. "ग्रहण पाहिलेंस," "जड उचललेंस," असें म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत घ्यावें. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारलें, तेव्हां प्रभु येशूनें दोष ना त्याच्यावर ठेविला, ना त्याच्या आईबापांवर. त्यानें त्यास दृष्टि दिली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या विकारांत मुख्य बिघाड हालचालीचा असतो. अशा मुलांपैकीं सुमारें निम्म्यांस बुद्धीची न्यूनता नसते. जीभ अडखळते, हात वळत नाहीं, म्हणून आपण त्यांस मंद ठरवितों! मालिनी चिब यांचें उदाहरण पाहा. १९६६ सालीं जन्मवेळीं प्राणवायु कमी पडून त्यांस हा विकार जडला. त्यांच्या माता डॉ. मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईंत अशा मुलांसाठीं संस्था व शाळा काढिली. कन्येनें पुढें मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांतून पदवी घेतली, लंडनमध्यें उच्च शिक्षण घेतलें, आणि एका करंगळीनें टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिलें. प्रत्येक मूल इतकें करील असें आम्ही म्हणत नाहीं. कांहींची बुद्धिही दुखावलेली असते. त्यांची प्रगति सावकाश होते, परंतु तीही शिकतात.

म्हणून पालकांनीं घाबरूं नये, आणि थांबूनही राहूं नये. चार महिन्यांच्या सुमारास मूल मान धरितें, नऊ महिन्यांच्या सुमारास आधाराशिवाय बसतें, व दीड वर्षापर्यंत चालूं लागतें. यांत पुष्कळ उशीर दिसला, अंग ताठ वा फार लुळें वाटलें, वर्षाच्या आंतच मूल एकच हात वापरूं लागलें, अथवा आंकडी आली, तर डॉक्टरांकडे जावें. डोळे व कान तपासून घ्यावे. लहान वयांत मेंदू घडत असतो, म्हणून व्यायाम, खेळ व बोलणें यांचे उपचार जितके लवकर तितके बरे. २०१३ सालीं पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते.

शाळेचेंही कर्तव्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अशा विकलांग मुलांस ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ज्याचा हात कांपतो त्यास लिहिण्यास अधिक वेळ द्यावा, तोंडी उत्तर घ्यावें. शालान्त परीक्षेंतही जादा वेळाची व लेखनिकाची सवलत मिळते. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमचा सोबती वाक्य पुरें करीपर्यंत थांबणें, त्याची नक्कल न करणें, आणि खेळांत त्यास बोलावणें, हें तुमच्या हातचें आहे.

मागें राहिलेल्या त्या मातेस आमचें उत्तर इतकेंच: किती शिकेल हें आज कोणीही सांगूं शकत नाहीं, परंतु शिकेल. सोमवारीं त्यास वर्गांत घेऊन या.