पिट्टू आणि त्यावरची चिठ्ठी

पुण्यात नोकरी करणारा माझा पुतण्या सुटीला तासगावला आला. पाठीवर खाकी-हिरवट जाड कॅनव्हासची बॅग. पितळी बकले, चामडी पट्टे, रंग मुद्दाम विटवलेला, एका कोपऱ्यात तर चक्क ठिगळ! किंमत विचारली. "काका, सूट मिळाली म्हणून साडेसहा हजाराला पडली." आत शिवलेल्या चिठ्ठीवर इंग्रजीत छापले होते की, ही बॅग म्हणजे जुन्या काळच्या सैनिक-कामगारांच्या कष्टाला मानवंदना आहे.

शेजारचे आबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी बॅग उचलून पाहिली आणि हसले. "आरं, ह्यो तर आमचा पिट्टू! पर ह्यात वजन कुठाय?"

कष्टकऱ्यांच्या कपड्यांची फॅशन होणे हे काही आजचे नाही. अमेरिकेत मजुरांच्या विजारींचे खिसे उसवत, म्हणून जेकब डेव्हिस या शिंप्याने तिथे तांब्याचे रिवेट ठोकले. 1873 मध्ये लिव्हाय स्ट्रॉसबरोबर त्याने त्याचे पेटंट घेतले. तीच जीन्स आता गुडघ्यावर फाडून जास्त भावाने विकली जाते. ज्याने जन्मात फाटके घातले नाही त्याला फाटक्याची हौस असते. आपल्या समाजाला ती हौस परवडणारी नव्हती. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असा दंडकच मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्या, असे बजावले. पोशाख हा आपल्याकडे चळवळीचा विषय होता आणि आहे. म्हणून पोराने साडेसहा हजार उधळले याचा मला राग नाही. त्याच्या आज्याने दुसऱ्याचे उतरलेले सदरे घातले. नातवाने स्वतःच्या पगारातून हवे ते घ्यावे!

माझी हरकत त्या चिठ्ठीला आहे. कोणते सैनिक? वकील असल्याने मला अर्ज वाचायची सवय आहे. असा एक अर्ज 1910 चा आहे. इंग्रजांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद केली होती. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या फौजेत लढाया मारल्या, ते एकाएकी 'लढवय्ये नसलेले' ठरले! तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांच्या परिषदेने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, आम्हाला लष्करात आणि पोलिसांत घ्या म्हणून. पुढे महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि 1921 मध्ये ती मोडली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत आणखी वीस वर्षे गेली. त्या पन्नास वर्षांत पाठीवर पिट्टू घेण्याचा हक्कसुद्धा आपल्याला मागून, भांडून मिळवावा लागला. दुकानातल्या मानवंदनेत यातला एक शब्द नाही. बॅग आज ज्या हातांनी शिवली त्यांचाही उल्लेख नाही.

पुतण्याने जाता जाता विचारले, असली बॅग वापरणे गुन्हा आहे का? नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या उद्देशाने तसा पोशाख किंवा चिन्ह वापरले तर शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उद्देश नसेल तर गुन्हा नाही. लष्कराच्या नव्या गणवेशाची नक्षी मात्र 2022 मध्ये रीतसर नोंदवली गेली आहे, तिची नक्कल करून विकता येत नाही. लष्कर मोठे आहे, त्याने आपली नक्षी राखली. खाणीतल्या, गोदीतल्या मजुराच्या ठिगळाची नोंद कोण करणार?

पुतण्या निघाला तेव्हा वहिनींनी बॅगेत चार किलो बेदाणा कोंबला. आबांनी त्याला पाठमोरा उभा केला, दोन्ही पट्टे ओढून आवळले. "सैल ठिवू नगंस, दोन मैलांत कंबर धरंल," म्हणाले, आणि एस.टी. स्टँडपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.