ग्रंथालयातील कृती संशोधन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाविद्यालय जालना शहरातले असो, की अंबड, परतूर, मंठा, भोकरदनचे. ग्रंथालयाबद्दलच्या तक्रारी थोड्याफार सारख्याच असतात. क्रमिक पुस्तकांसाठी रांग लागते, संदर्भग्रंथांवर धूळ बसते, वर्तमानपत्र चाळून मुले निघून जातात. त्यावर ‘मुलांना वाचनाची आवडच राहिली नाही’ असे म्हटले जाते आणि विषय तिथेच मिटतो. हे उत्तर मला मान्य नाही, कारण ते तपासून दिलेले नसते. ते तपासण्याची रीत म्हणजे कृती संशोधन. अडचण नेमकी मांडायची, आजची स्थिती लिहून ठेवायची, एक बदल करायचा, परिणाम पाहायचा आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवायचे. रीत साधी आहे, पण तिच्याभोवती गैरसमज बरेच साचले आहेत.

‘कृती संशोधन शिक्षकांनी करायचे असते’

डी.एड., बी.एड. करताना हा शब्द अनेकांच्या कानावर पडतो. त्यामुळे तो वर्गापुरताच आहे, असे वाटते. प्रत्यक्षात मानसशास्त्रज्ञ कुर्त लेविन यांनी १९४६ साली ही कल्पना मांडली, ती अमेरिकेतल्या अल्पसंख्याकांच्या प्रश्नांसंदर्भात. स्टीफन कोरी यांच्या १९५३ मधल्या पुस्तकामुळे ती शाळांमध्ये रुजली. तिची मुख्य अट एवढीच, की ज्याचे काम त्यानेच ते तपासायचे. म्हणून ग्रंथपालाइतकाच सहायकाचा आणि परिचराचाही त्यात वाटा आहे. कपाटात पुस्तक चुकीच्या जागी कुठे आणि का जाते, हे परिचराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

आपल्याकडचे थोर उदाहरण डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे. गणित शिकवणारे हे प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने आली. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे त्यांतले चौथे. आपल्या ग्रंथालयात वाचकाचा वेळ नेमका कुठे जातो, हे मात्र ज्याने त्याने आपल्याच काउंटरवर शोधायचे असते.

‘संशोधन म्हणजे प्रश्नावली आणि टक्केवारी’

सर्वांत जास्त नुकसान या गैरसमजाने केले आहे. शंभर प्रश्नावल्या वाटायच्या, ‘आपण ग्रंथालयाच्या सेवेबाबत समाधानी आहात काय?’ असे विचारायचे, बहुतेकांनी ‘होय’वर खूण करायची आणि रंगीत आलेख अहवालात लावायचे. ग्रंथपाल समोर उभा असताना विद्यार्थी दुसरे काय लिहिणार?

ग्रंथालयाकडे याहून खरी माहिती आधीच असते. प्रवेशाचे रजिस्टर, देवघेवीच्या नोंदी, राखून ठेवायला सांगितलेली पुस्तके आणि मागितली पण मिळाली नाहीत अशी पुस्तके. यातली शेवटची नोंद बहुतेक ठिकाणी कुणी ठेवतच नाही. पण गरज कुठे अडते, ते तिथेच कळते.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात देवघेव दुपारी दोन ते चार चालते. तास एक वाजता संपतात आणि खेड्यांकडे जाणारी एसटी दीडला सुटते. पुढची गाडी थेट संध्याकाळी. गावाकडच्या मुली पुस्तक नेत नाहीत, याला वाचनाची नावड म्हणायचे का? इथे कृती संशोधन असे होईल. दोन आठवडे एका वहीत टिपायचे: कोण किती वाजता आले, काय मागितले, मिळाले का, नसल्यास का नाही. गाव आणि बसची वेळ यांसाठी एकेक रकाना ठेवायचा. वेळेचीच अडचण आहे असे दिसले, तर तास सुरू होण्याआधी पाऊण तास देवघेव उघडायची आणि महिनाभर त्याच रकान्यांत नोंद करायची.

तुलना करताना मात्र सावध राहावे लागते. सत्र परीक्षा जवळ आली की देवघेव आपोआप वाढते. ते श्रेय नव्या वेळेला देणे ही फसवणूक होईल. उलट, जालना जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुलांची हजेरी तेव्हा तुटते आणि आकडे खाली येतात, त्याचा दोषही वेळेवर टाकता येत नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायची आणि एका वेळी एकच बदल करायचा. वेळ बदलली, कपाटे हलवली आणि दंडही माफ केला, तर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

‘सॉफ्टवेअर आले, म्हणजे सुधारणा झाली’

सोल किंवा कोहासारखे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर बसवल्याने नोंदी नीट होतात, हे खरे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेमुळे महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिके खुली झाली, हेही मोठे काम आहे. पण ती उघडायला प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन लागते. ते किती विद्यार्थ्यांना मिळाले? मिळालेल्यांपैकी किती जणांनी ते दुसऱ्यांदा वापरले? अडचण पासवर्डची, मोबाइलची, की इंग्रजीची? यंत्रणा घेतल्याची पावती या प्रश्नांची उत्तरे देत नाही. पाच-सात विद्यार्थ्यांना शेजारी बसवून ‘एक लेख शोधून दाखवा’ म्हणावे आणि ते कुठे अडखळतात ते गप्प राहून पाहावे. तासाभरात पुष्कळ उलगडते.

खरेदीचेही तसेच. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके पुढच्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती. एवढ्या मोठ्या विद्यापीठात असे घडत असेल, तर आपल्या तुटपुंज्या अनुदानातून घेतलेल्या पुस्तकांचा हिशेब आपण का मांडू नये?

‘एका ग्रंथालयाचा निष्कर्ष दुसरीकडे लागू पडत नाही, मग त्याला संशोधन कसे म्हणायचे?’

लागू पडत नाही, हे बऱ्याच अंशी खरे आहे. तसा त्याचा दावाही नसतो. अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एका मानववंशशास्त्रज्ञाच्या मदतीने विद्यार्थ्यांची दिनचर्या अभ्यासली. त्यावरचे पुस्तक २००७ मध्ये आले. ग्रंथपाल घरी गेल्यावर, रात्री उशिरा विद्यार्थ्यांचा अभ्यास चालतो, हे त्यांना दिसले. घनसावंगी किंवा जाफराबादला हेच उत्तर उचलून रात्री ग्रंथालय उघडे ठेवले, तर बसने येणाऱ्यांना त्याचा काय उपयोग? प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच: विद्यार्थी मोकळा कधी असतो? उसना घ्यायचा तर तो प्रश्न घ्यावा.

‘बदल फसला, तर मेहनत वाया’

सकाळी देवघेव उघडूनही कुणी आले नाही, तर अडचण वेळेची नव्हती एवढे पक्के कळले. पुढची शंका तपासायला घ्यावी. असा फसलेला प्रयत्नही तारखेसह लिहून ठेवावा, नाहीतर दोन वर्षांनी नवा माणूस तोच प्रयोग पुन्हा करील.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी एकदा करून ठेवायची गोष्ट म्हणूनही कृती संशोधनाकडे पाहिले जाते. समिती येण्याच्या महिन्यात मागच्या तारखा टाकून भरलेली वही कोणाच्याही कामाची नसते. आणखी एक पथ्य पाळायलाच हवे. कोणता विद्यार्थी काय वाचतो, ही त्याची खासगी बाब आहे. नोंदी मांडताना नावे आणि ओळखपत्र क्रमांक वगळावेत, आणि नोंद कशासाठी चालली आहे ते विद्यार्थ्यांना आधी सांगावे.

ग्रंथपाल मित्रांना विनंती आहे. नवे सत्र सुरू होण्याची वाट न पाहता, उद्याच काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवा आणि मागितलेले पण न मिळालेले प्रत्येक पुस्तक तिच्यात लिहा. महिनाअखेरीस ती आपल्या सहायकासोबत आणि परिचरासोबत बसून वाचा. पहिला बदल कुठे करायचा, ते तिघांनी मिळून ठरवा.