पुस्तक उघडे ठेवून दिलेली परीक्षा



नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायतीवर एक धडा असतोच. सदस्य कसे निवडले जातात, सरपंचाची कर्तव्ये कोणती, पंचायतीची कामे किती, हे सारे त्यात क्रमवार दिलेले असते. परीक्षेत त्यांपैकी पाच कामे विचारली जातात. ती पाचही कामे बिनचूक लिहिणाऱ्या मुलाला, आपल्या गल्लीतला हातपंप दोन वर्षे बंद का आहे आणि त्याबद्दल कोणाकडे जायचे, हे सांगता येईलच असे नाही. शाळेतला ‘समाज’ आणि घराबाहेरचा समाज यांची गाठच पडत नाही. हा विषय कंटाळवाणा म्हणून ओळखला जातो, त्याचे कारण यातच आहे.

ही गाठ घालून देण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्या शेजारीच, मध्य प्रदेशात झाला. इंदूर, देवास, भोपाळकडच्या वाचकांना तर तो घरचाच म्हणावा लागेल. त्याची पार्श्वभूमी अशी. 1972 साली होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या 16 सरकारी शाळांत किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे आणि निष्कर्ष स्वतःच काढायचे, हे त्याचे सूत्र होते. पुढे 1982 मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने तोच प्रश्न सामाजिक अध्ययनाला विचारला. विज्ञानात प्रयोगशाळा असते. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची प्रयोगशाळा कोणती? सहावी ते आठवीची नवी पुस्तके तयार झाली आणि 1980च्या दशकात मोजक्या सरकारी शाळांत ती प्रत्यक्ष वर्गात शिकवून पाहिली गेली.

या पुस्तकांत वेगळे काय होते? पहिली गोष्ट म्हणजे व्याख्येऐवजी उदाहरण. भूगोलाच्या पुस्तकात ‘मैदान म्हणजे सपाट भूप्रदेश’ असे सांगून पुढे जाण्याची रीत आहे. येथे नर्मदेच्या खोऱ्यातले सपाटीवरचे गाव, माळव्याच्या पठारावरचे गाव आणि सातपुड्यातले डोंगरी गाव, अशी गावेच मुलांपुढे ठेवली गेली. विहिरीला पाणी किती खोलीवर लागते, कोणते पीक कोणाच्या शेतात येते, हे वाचता वाचता जमीन आणि जगणे यांचा संबंध मुलांच्या ध्यानात येई. व्याख्या शेवटी येई, तीही मुलांच्या तोंडून.

दुसरी गोष्ट म्हणजे मधले प्रश्न. प्रश्न धड्याच्या शेवटी रांगेने उभे नव्हते, ते मजकुराच्या मधेच येत. चित्र पाहा आणि यात कोण काय काम करत आहे ते लिहा. नकाशा पाहा आणि नदी कोणत्या दिशेला वाहते ते ओळखा. तुमच्या गावात हे असेच होते का, ते सांगा. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर पुस्तकात नसते आणि शिक्षकालाही ते आधी ठाऊक नसते. ते मुलाकडे असते. शेतमजुराची मुलगी मजुरीचा दर सांगते, तेव्हा त्या तासापुरती ती वर्गाची शिक्षिका होते.

तिसरी गोष्ट परीक्षेची. मुलांना पुस्तक जवळ ठेवून उत्तरे लिहायची मुभा होती. हे ऐकताच कोणत्याही पालकाच्या मनात येते, मग अभ्यास तो काय राहिला? पण क्षणभर प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या जागी बसून पाहा. पुस्तक समोर असल्यावर ‘पंचायतीची पाच कामे लिहा’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. मग विचारावे लागते ते असे: एका नकाशात तीन गावे, एक नदी आणि एकच पक्का रस्ता दाखवला आहे, धान्याचा बाजार कोठे भरवाल आणि का? ‘का’ हा शब्द पुस्तकातून उतरवून काढता येत नाही. उघडे पुस्तक परीक्षा सोपी करत नाही. शिक्षकाला खरा प्रश्न विचारणे ती भाग पाडते.

हे सारे सोपे मात्र नव्हते. ज्या शिक्षकाने स्वतः पाठ करून पदवी घेतली, त्याला चर्चा चालवायला शिकवावे लागते. त्यासाठी प्रशिक्षण हवे, वरचेवर बैठका हव्यात, आणि शाळेचे वेळापत्रक ते सहन करणारे हवे. 2002 मध्ये राज्य सरकारने विज्ञानाचा कार्यक्रम बंद केला आणि सामाजिक अध्ययनाचा प्रयोगही थांबला. तरी बी पूर्ण वाया गेले नाही. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एनसीईआरटीने ‘नागरिकशास्त्र’ हे जुने नाव सोडून ‘सामाजिक आणि राजकीय जीवन’ या नावाची पुस्तके काढली. खऱ्या वाटणाऱ्या माणसांच्या गोष्टींतून संस्था समजावून देण्याची त्यांची रीत या प्रयोगाची आठवण करून देते.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे असते आणि चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबाद येथे शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. त्या त्या राज्याच्या पुस्तकात आपली घराणी, आपले वाडे, आपली स्थलांतरे यांना एखाद्या ओळीची जागा मिळते, किंवा तीही मिळत नाही. याची खंत आपण नेहमी व्यक्त करतो. पण वर सांगितलेली रीत मान्य केली, तर धड्याची वाट पाहण्याची गरज उरत नाही. साधने आपल्या घरातच आहेत.

देवासचेच उदाहरण घ्या. तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार या दोन भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली आणि एकाच शहरात दोन राज्ये नांदली. 1948 मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली. आठवीच्या मुलाला यावर टीप लिहायला सांगू नका. त्याला शहराचा साधा नकाशा द्या आणि विचारा: दोन राज्यांची हद्द कोठून जात असेल? एका पातीतला चोर दुसरीत पळाला, तर त्याला कोण पकडणार? रस्त्याच्या दिव्याचा खर्च कोणी करायचा? मग त्याला घरातल्या आणि शेजारच्या वृद्धांकडे पाठवा. राज्य, सीमा, कर आणि अधिकार हे चारही शब्द तो एका आठवड्यात शिकेल आणि पुढे विसरणार नाही.

प्रत्येक गावी असे काही ना काही सापडते. सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर हे प्रमाण असते. त्यावर आजोळचे गाव शोधणे हा भूगोलाचा उत्तम तास आहे. बेळगावकडच्या घरात एकाच कपाटात मराठी आणि कानडी कागद असतात. ते शेजारी मांडले की 1956च्या राज्यपुनर्रचनेचा धडा आपोआप सुरू होतो. माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी लिपीतले हिशेब, एखादी सनद, लग्नपत्रिका, किराणा दुकानाची जुनी वही असते. वहीतला तांदळाचा भाव आणि आजचा भाव यांची तुलना म्हणजे अर्थशास्त्राचा पहिला पाठ.

येथे एक सावधगिरी हवी. घरच्या कागदांतून शिकवताना आपल्या घराण्याचे गुणगान हा हेतू होऊ नये. मुलाने हेही विचारले पाहिजे की वाड्यात सनद होती, तेव्हा वाड्यामागच्या वस्तीत कोण राहत होते, आणि त्यांचे कागद का नाहीत? अहिल्याबाईंच्या महेश्वराची साडी आपण अभिमानाने नेसतो; ती विणणाऱ्या माणसाची मजुरी विचारणे हेही सामाजिक अध्ययनच. हा प्रश्न ज्या घरात विचारता येतो, त्या घरातल्या मुलाला इतिहास नीट समजेल.

जुनी कागदपत्रे दर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जात आहेत आणि मोडी वाचणारे हात कमी होत आहेत. शाळा बदलेल तेव्हा बदलेल. यंदा ती ट्रंक उघडताना नातवंडांना शेजारी बसवा आणि पहिला कागद हातात देऊन विचारा: हा कोणी लिहिला असेल, कोणासाठी, आणि का? उत्तर मात्र लगेच सांगू नका.