कोर्टाची पायरी आणि ऐपतीचा दाखला

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वडीलधारी मंडळी ती मोठ्या शहाणपणाची गोष्ट म्हणून सांगतात. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, हा उपदेश ज्याला पायरी टाळता येते त्याच्याच उपयोगाचा आहे. ज्याची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावे लागली, किंवा ज्याचा मुलगा पोलिसांनी उचलून नेला, त्याला ती पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते. राज्यघटनेचे चौदावे कलम कायद्यापुढे सर्वांना समान मानते. ही समानता प्रत्यक्ष पायरीवर कितपत टिकते, याचा आपल्या नांदेड-लातूर भागापुरता विचार करण्याचा हा प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखक कायद्याचा नव्हे, राज्यशास्त्राचा विद्यार्थी आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आपल्या भागाचा न्यायालयाशी असलेला संबंध मुळातच दूरचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तेथील न्यायालयांची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या कुळाला आपल्याच दाव्याचा कागद वाचता येत नसे. वरचे न्यायालय हैदराबादला; १९५६ नंतर ते मुंबईला गेले. औरंगाबादला उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी, आणि कायम खंडपीठ मिळाले ते १९८४ मध्ये. तेही नांदेड व लातूर या दोन्ही गावांपासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. जिल्ह्याचे काम मराठीत चालले तरी खंडपीठाचे कामकाज इंग्रजीत चालते. हे अंतर आणि ही भाषा गरीब-श्रीमंत दोघांनाही सारखीच आहेत, असे कोणी म्हणेल. पण एकाच्या दारात गाडी उभी असते, आणि दुसऱ्याला एसटीच्या भाड्यासाठी उसनवारी करावी लागते.

आता आपल्याकडील नेहमीचे उदाहरण घेऊ. कंधार किंवा निलंगा तालुक्यातील एखादा कोरडवाहू शेतकरी आहे, अशी कल्पना करा. मुलीचे लग्न आले, किंवा पाऊस गेला. बँकेचे जुने कर्ज थकलेले, म्हणून तो गावातल्या सावकाराकडे जातो. सावकार व्याजाने पैसे देतो. परंतु गहाणखत न करता खरेदीखतच नोंदवून घेतो. 'पैसे फेडलेस की जमीन परत लावून देईन,' हा शब्द तोंडी असतो. फार तर एका निराळ्या कागदावर लिहिलेला असतो. पुढे पैसे फेडूनही जमीन परत मिळत नाही. शेतकरी कोर्टात जातो. तेथे सावकाराच्या हाती नोंदणी झालेले खरेदीखत असते आणि शेतकऱ्याच्या हाती केवळ आठवण.

कायदा येथे काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. पुरावा कायद्याचेही सर्वसाधारण तत्त्व असे की, लेखी दस्तातील मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. मात्र, दस्त हा खरोखरीची विक्री नसून केवळ कर्जाला तारण म्हणून केला होता, हे तोंडी पुराव्याने दाखवता येते, असा महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका खटल्यात दिला आहे. म्हणजे वाट अगदीच बंद नाही. पण ती सिद्ध करायला साक्षीदार हवेत, आणि गावातले साक्षीदार बहुधा सावकाराच्याच उपकाराखाली असतात!

हा प्रश्न नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील न्यायालयांना रोख्याच्या पाठीमागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. इंग्रजांचा तो कायदा निजामाच्या मराठवाड्याला लागू नव्हता. अलीकडे, महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ याने हेच तत्त्व वेगळ्या रीतीने आणले. विनापरवाना सावकारीत गेलेली जमीन, व्यवहार अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतला असेल तर, चौकशीअंती परत देण्याचा आदेश सहकार खात्याचा जिल्हा निबंधक देऊ शकतो. त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागत नाही. असा अर्ज करता येतो हे किती गावांत ठाऊक आहे, हा प्रश्न निराळा.

दुसरी विषमता वेळेची आहे. दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो. प्रत्येक 'पेशी'ला मजुराचा दिवस बुडतो, भाडे लागते, वकिलाची फी उभी असते. आणि इतके करून पुढची तारीख पडते. ज्याच्या ताब्यात जमीन आहे, त्याचे पीक मात्र या काळात चालूच असते. त्याला खटला जिंकण्याची घाई नसते. लांबला तरी त्याचे भागते. अखेर गरीब पक्षकार थकून मिळेल त्या रकमेवर तडजोड करतो. लोकअदालत ही उत्तम सोय आहे. तेथे कोर्ट फी परत मिळते आणि निकाल लवकर लागतो. परंतु त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून ती तडजोड राजीखुशीची आहे की थकव्याची, हे पाहिलेच पाहिजे.

फौजदारी बाजूला तर विषमता माणसाच्या स्वातंत्र्यापर्यंत पोहोचते. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत असलेल्यांपैकी ७५.८ टक्के लोक कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा होता. जामीन मंजूर होऊनही जामीनदार आणि त्याचा ऐपतीचा दाखला न मिळाल्याने अनेकजण आतच राहतात. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला.

आपल्या राज्यातले उदाहरण याहून भयंकर आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात घडलेल्या एका गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून आधी निराळ्याच चार जणांना ओळखले होते, ही गोष्ट तपासात मागेच राहिली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. उमेदीची पंधरा-सोळा वर्षे मात्र कोणत्याही आदेशाने परत येत नाहीत. या माणसांजवळ पहिल्याच दिवशी उत्तम वकील असता, तर? हा प्रश्न मनातून जात नाही.

उपाय नाहीत असे नव्हे. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते. पण मोफत मिळालेला वकील मन लावून लढेल, हा विश्वास लोकांत अजून रुजायचा आहे.

न्यायाधीश श्रीमंताच्या बाजूचे असतात, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. न्यायाधीशासमोर जे येते त्यावरच तो निकाल देतो. समोर काय येणार, हे मात्र पुष्कळदा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, अंगठा उठवला जातो त्या क्षणीच ठरलेले असते. तेथे न्यायाधीश नसतो. पण आपल्यासारखा वाचता येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असू शकते. आपल्यापैकी बहुतेकजण खेड्यांतून आलो आहोत. सुटीत घरी गेल्यावर काका-मामा एखाद्या कागदावर सही करायला निघाले, तर तो आधी वाचून दाखवावा, वर 'खरेदीखत' लिहिले आहे की 'गहाणखत' ते पाहावे, आणि शंका वाटल्यास सही थांबवावी. एवढे आपल्याला जमण्यासारखे आहे. पायरी चढण्याची वेळच येऊ नये, हे शहाणपण मग थोडे गरिबाच्याही वाट्याला येईल.